एक माप मोठा पंप

दुकानात शिरलेली मुलगी रडत होती. निदान काउंटरमागच्या तरुणाची तशी खात्री झाली. डोळे लालबुंद, पापण्या ओल्या, नाकाचा शेंडाही लाल. त्याने हातातला पाना खाली ठेवला, खिशातून रुमाल काढला, तो फारसा स्वच्छ नाही हे पाहून परत कोंबला आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"आधी बसा," तो म्हणाला. "जे काही झालं असेल ते… होतं असं कधी कधी."

"काय होतं?"

"म्हणजे… माणसं वागतात तशी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तिने पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "क्लोरीन आहे हो ते. मी लहान मुलांना पोहायला शिकवते. मला पंप हवाय."

आतल्या खोलीत वॉशर निवडत बसलेले मामा खोकला आल्यासारखे हसले. दुकान मामांचं. भाचा इंजिनियर होऊन त्यांच्या हाताखाली आला होता आणि आता मामाच त्याच्या हाताखाली असल्यासारखे वागत. इथे डोसिंग पंप मिळत. वाहत्या पाण्यात औषध थेंबाथेंबाने, मोजून सोडणारे छोटे पंप. ठिबकमधून खत देणारे शेतकरी यायचे, बॉयलरवाले यायचे, कापड रंगवणारे कारखानदार यायचे. पोहण्याचा तलाव घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

"सध्या क्लोरीन कसं टाकता?" त्याने विचारलं.

"बादलीने. आमचे तलावावरचे काका पाण्याचा वास घेतात आणि अंदाजाने ओततात. त्यांना सर्दी झाली की आमचं काही खरं नसतं."

तो हसला. ती हसली नाही.

"मुलांचे डोळे चुरचुरतात. पालक रोज तक्रार करतात. मॅनेजरबाईंनी काल सांगितलं, या महिन्यात सुधारलं नाही तर लहान मुलांचा वर्ग बंद. मोठ्यांचा राहील, त्यांना चष्मे लावून पोहता येतं. पण तो छोट्यांचा वर्ग मी उभा केलाय. पायरीवर बसून नुसती रडणारी मुलं… आता तरंगतात. तो गेला तर मी तिथे राहून काय करू?"

हे ऐकल्यावर तरुणाने हसणं आवरलं आणि तो कामाला लागला. तलावात पाणी किती? मुलं किती? ऊन किती वेळ पडतं?

"उन्हाचं काय?"

"उन्हाने क्लोरीन उडतं. आणि दाब किती आहे?"

"माझ्यावर?"

"पाइपात. तुमच्यावरचा दिसतोय."

आता ती हसली. गालावर नव्हे, लाल डोळ्यांत आधी हसू आलं, आणि तो पुढचा प्रश्न विसरला.

कपाटात दोन पंप शेजारी शेजारी होते. एक जेवणाच्या डब्याएवढा, दुसरा त्याहून चांगला दणकट, चकचकीत. तिने दणकट पंपाकडे बोट दाखवलं.

"सगळे तिकडेच बोट दाखवतात," तो म्हणाला. हे भाषण त्याला पाठ होतं. "मोठा म्हणजे चांगला नाही. पंप आपल्या ताकदीच्या मध्यावर चालला पाहिजे. जास्त मोठा घेतला की त्याला अगदी मंद चालवावं लागतं, आणि मंद चालला की माप चुकतं. त्यात क्लोरीनमधून वायू सुटतो. पंपाच्या डोक्यात बुडबुडा अडकला की तो नुसता टकटक करत राहतो. औषध जागचं हलत नाही."

"म्हणजे बोलणं भरपूर, काम शून्य."

"असे आम्ही दुकानात ठेवत नाही. मामा सोडून."

"ऐकू येतंय मला," आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माप घ्यायला तलावावर गेला. यंत्रघरात काकांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि फिल्टर दाखवला, पण मनाविरुद्ध. पाइप मोजून तो बाहेर आला, तर ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. एका मुलीला तिने पाठीवर झोपवलं होतं. मुलगी डोळे घट्ट मिटून आणि मुठी आवळून होती.

"मान सैल सोड. आभाळात काय दिसतं ते सांग. मी आहे इथे."

पाठीखालचा तिचा हात हळूहळू खाली गेला. पाण्याने मुलीला उचलून धरलं. मुलीला ते कळलंच नाही. ती डोळे किलकिले करून ढग सांगत राहिली. काठावर तो मात्र मोजपट्टी हातात तशीच धरून उभा होता.

"माप घेताय की वर्ग बघताय?" तिने विचारलं.

"दोन्ही."

"मग फी भरावी लागेल."

पंप बसला. यंत्रघराच्या भिंतीवर, क्लोरीनच्या निळ्या डब्याच्या वर, एक बारीक पारदर्शक नळी आणि टक… टक… टक. पाणी निवळलं. मुलांचे डोळे लाल व्हायचे थांबले. तो रोज यायचा, कारण नव्या पंपावर लक्ष ठेवावं लागतं, असं त्याने सांगितलं होतं.

"तीस वर्षं हा फिल्टर चालवतोय," काका म्हणाले. "त्याच्यावर एवढं लक्ष कुणी ठेवलं नाही."

"फिल्टर दिसायला कसा आहे ते बघा की, काका," ती म्हणाली आणि मान वळवून टॉवेल झटकू लागली.

वर्ग सुटल्यावर दोघं बाकावर बसून चहा प्यायचे. तिचे केस ओले असत, खांद्यावर पाण्याचा नकाशा उमटलेला असे. तो पंपाबद्दल बोलायचा. मग पंपाबद्दल बोलायचं संपलं, तरी चहा संपायचा नाही.

पालकांना पाणी दाखवायला मॅनेजरबाईंनी एक सकाळ ठरवली. त्या सकाळी, सगळ्यांच्या आधी, काकांनी पाणी तपासायची पट्टी बुडवली. पट्टीला रंगच चढला नाही. पाण्यात क्लोरीन नव्हतं. पंप तर टकटक करत होता. काका घाबरले. पालक येणार, पाणी दूषित निघालं तर? त्यांनी जुनी बादली काढली आणि हाताला येईल तेवढं ओतलं.

मुलं पाण्यात उतरली आणि थोड्याच वेळात एकामागून एक डोळे चोळत बाहेर आली. ढग सांगणारी मुलगी आईच्या ओढणीत तोंड खुपसून रडत होती. आईने नुसतं मॅनेजरबाईंकडे पाहिलं.

"दोन दिवस तलाव बंद," मॅनेजरबाई म्हणाल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. "परवा संध्याकाळी मी स्वतः पाणी तपासेन. बरोबर नसेल, तर लहान मुलांचा वर्ग संपला. मला दुसरा मार्ग नाही गं."

निरोप मिळताच तो धावत आला. यंत्रघरात ती हाताची घडी घालून पंपासमोर उभी होती.

टक… टक… टक. पारदर्शक नळीत एक बुडबुडा होता. प्रत्येक ठोक्याला तो किंचित वर जायचा आणि परत जागेवर यायचा. त्याच्यापुढे नळी कोरडी होती.

तो उपड्या डब्यावर बसला.

"पंपाच्या डोक्यात बुडबुडा," ती म्हणाली. "औषध जागचं हलत नाही. हे कधी होतं, तुम्हीच सांगितलं होतं. हा मोठा आहे?"

"एक माप मोठा आहे. दिसायला छोट्यासारखाच."

"चुकून?"

थाप मारणं सोपं होतं. कंपनीचा माल सदोष निघाला, असं म्हटलं असतं तर तिला पटलंही असतं.

"नाही," तो म्हणाला. "मुद्दाम."

"मुद्दाम!"

"हिशेबाने छोटाच येत होता. मी तो काढून बांधलाही होता. मग… ती ढग सांगणारी मुलगी आठवली. तुम्ही आठवलात. वाटलं, मुलं वाढली, ऊन वाढलं, आणि पंप अपुरा पडला तर? तुम्हाला काही कमी पडू नये, एवढंच डोक्यात होतं. दिवसभर लोकांना जे करू नका म्हणून सांगतो, तेच करून बसलो."

"दुसऱ्या कुणाला दिला असता असा?"

"कुणालाच नाही."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रागाने की कशाने, हे ठरवायला तिला वेळ नव्हता.

"मला कमी पडू नये म्हणून," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही माझा वर्ग घालवायला निघालात."

"हो."

"मी जर मुलांच्या पाठीखालचा हात काढलाच नसता ना, ती बुडतील बुडतील म्हणून… तर एकही मूल आज तरंगलं नसतं. समजतंय का काही?"

"आता समजतंय."

"छोटा आणा. आत्ता. आणि या वेळी माझ्याकडे न बघता हिशेब करा."

तो उठला. दारात थांबला. "तुमच्याकडे न बघणं जमेल असं वाटत नाही. हिशेब मात्र बरोबर करतो."

त्याने फोनवर माप सांगितलं आणि छोटा पंप मामाच घेऊन आले. भाच्याचा चेहरा पाहिला, तिचा पाहिला, आणि दुकान उघडं टाकून आल्याचं त्यांना एकदम आठवलं.

पंप बसवल्यावर त्याचं माप जुळवायचं असतं. खुणांच्या काचेच्या नळकांड्यात द्रावण भरायचं, एकाने घड्याळ बघायचं, दुसऱ्याने द्रावण किती उतरलं ते. एकट्याने होत नाही. तिने घड्याळ धरलं. तो गुडघ्यावर बसून नळकांड्याला डोळा लावून होता.

"सुरू," ती म्हणाली.

यंत्रघर अरुंद होतं. तिचा श्वास त्याच्या मानेला लागत होता.

"थांब!"

"किती…? एक मिनिट. मी खूण बघायची विसरलो."

"काय बघत होतात मग?"

"काही नाही. परत करू."

दुसऱ्या खेपेला घड्याळ चुकलं. ते तिच्याकडे होतं, म्हणून त्यावर कुणी काही बोललं नाही. काका दारात येऊन म्हणाले, "एवढ्यात मी तलाव उपसून परत भरला असता." तिसऱ्या खेपेला दोघंही शहाण्यासारखे वागले आणि माप जुळलं. तरी त्याने आणखी एकदा मोजलं. आणि आणखी एकदा. मोजताना त्याचे ओठ पुटपुटत होते, हे तिने पाहिलं. या माणसाला आपल्या वर्गाची भीती आपल्याएवढीच वाटते आहे, हे तिला तेव्हा कळलं.

जास्तीचं क्लोरीन उन्हाने उडालं आणि पुढचा सगळा दिवस पट्टी बरोबर निघत राहिली. ठरल्या संध्याकाळी मॅनेजरबाई आल्या. त्यांनी उथळ बाजूची पट्टी पाहिली, खोल बाजूची पाहिली. मग चपला काढून पायरीवर बसल्या, ओंजळीत पाणी घेतलं आणि उघड्या डोळ्यांवर मारलं. एकदा… दोनदा. पापण्या मिटल्या, उघडल्या.

"मुलांना उद्या बोलवा," त्या म्हणाल्या. "त्या रडणाऱ्या मुलीच्या आईशी मी बोलते."

त्या गेल्यावर तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. तो पेटीत पाने भरत होता, एकेक करून, गरज नसताना पुसून.

"हा नीट चालेल," तो म्हणाला. "मध्यावर चालतोय. याच्यावर लक्ष ठेवायला नाही लागणार. म्हणजे… मला यायचं काही कारण उरलं नाही."

"हो का?"

"योग्य मापाच्या पंपाचं असंच असतं."

ती काठावर बसली, पाय पाण्यात सोडून. "मला अजून राग आहे तुझा. थोडासा."

"असायलाच हवा."

"त्या दिवशी घरी जाताना मी रागच आठवत होते. पण मध्येच आठवायचं, एवढा हिशेबी माणूस, आणि माझ्यापायी हिशेब चुकला. मग राग नीट यायचाच नाही. त्याचाही राग आला."

त्याने पेटी खाली ठेवली. "आवडतेस तू मला. हे पंप न देता सांगायला हवं होतं."

"सांगायला हवं होतं."

"सांगितलं आता."

"ऐकलं." तिने पायाने पाणी उडवलं, त्याच्या बुटांवर. "मलाही आवडतोस. आता तिथे खांबासारखा उभा राहू नकोस."

त्याने बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि तिच्या शेजारी येऊन बसला. पाणी गार होतं. दिव्यांचे पिवळे पट्टे त्यांच्या पायांभोवती मोडत होते, परत जुळत होते. तिने आपला तळहात त्याच्या हाताशेजारी फरशीवर ठेवला… आणि मग शेजारी नाही, वर.

"तलाव बंद करतोय मी," काका यंत्रघराच्या दारातून ओरडले.

"तुम्ही व्हा पुढे, काका," ती वळूनही न बघता म्हणाली. "आज कुलूप मी लावते."