बाहेरची कडी

दिवा जरा इकडे ओढ, आणि सारखं दाराकडे बघू नकोस. सांगतो.

आम्ही सुतार माणसं. किल्ल्यातल्या मागच्या बाजूच्या पहाऱ्याच्या खोलीचं दार नीट करायचं, एवढंच काम होतं. ठेका साडूचा, हत्यारं माझी. माझ्या लहानपणच्या लढाईत तोफगोळ्यांनी ती खोली गाडली गेली होती. यंदा ढिगारा उपसला, तर दार शाबूत निघालं. आत मात्र हाड ना काडी! मग काय, लोकांचं जुनं म्हणणं आणखी पक्कं झालं: या पहाऱ्यावरची तुकडी पळाली, म्हणून किल्ला पडला. त्या तुकडीत माझा सख्खा काका होता. आजीनं मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही. आणि कुमक आणतो म्हणून बाहेर पडलेल्या त्यांच्या साहेबाचा चौकात पुतळा आहे.

दार पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

"साडूभाऊ, पहाऱ्याच्या खोलीला कडी आतून असते. ही बाहेरून आहे. कोयंड्यात अडकूनच वाकलीय, म्हणजे गोळा पडला तेव्हा लावलेली होती. कोंडलेली माणसं पळतील कशी?"

"हळू बोला," साडू म्हणाला. "जुनी कडी ठेवायची नाही, असं वरून सांगितलंय."

"वरचे गेले खड्ड्यात! ही मी चारचौघांत दाखवणार."

"बरं बाबा, दाखवा."

कडी उपटून मी उंबऱ्याबाहेर पिशवीत ठेवली आणि माप घ्यायला आत गेलो. दुपार होती, पण आत हात दिसेना.

"बॅटरी आणतो," साडू म्हणाला. "आत्ता येतो."

तो गेला. दार सावकाश लागलं. आणि बाहेरून... कडी सरकल्याचा आवाज आला. जी कडी मी स्वतः उपटली होती, ती.

मी दार बडवलं, साडूला शिव्या घातल्या. दमून थांबलो, तर अंधारात बाकीच्यांचे श्वास ऐकू येत होते. घामाचा आणि जळक्या दारूगोळ्याचा वास. कानाशी कुणीतरी अगदी हळू विचारलं,

"तुलाही... आत्ता येतो म्हणाला का?"

मी अंधारात हात पुढे केला. "काका?"

श्वास आणखी जवळ आले. मग,

"घरी काय सांगितलं रे... आमचं?"

रडू फुटलं. म्हणालो, "तुम्ही लढलात, असंच सांगितलं. आजी रोज नाव घ्यायची." खोटं बोललो, बाबा. कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला आणि दार आपोआप उघडलं.

साडू पायरीवर निवांत चहा पीत होता. पिशवी रिकामी.

"कडी?"

"खंदकात टाकली," तो नजर चुकवत म्हणाला. "पुढची कामं मिळायला नकोत का? दार मात्र मी लावलं नाही, आईशप्पथ."

सख्ख्या बहिणींचे नवरे आम्ही, एका ताटात जेवलेले! पुरावाच बुडवून काकाला दुसऱ्यांदा कोंडलं त्यानं.

आता साडूच्या घरात एकाही दाराला बाहेरून कडी नाही. त्यानं माझ्याच हातून सगळ्या काढून घेतल्या. तरी रोज पहाटे त्याची खोली बाहेरून बंद असते, आणि तो आतून माझ्या नावानं ओरडतो. भिंतीला भिंत लागून घर, सगळं ऐकू येतं.

मी अंथरुणातूनच ओ देतो, "आत्ता येतो."

कालपासून मात्र आतून हाका मारणारा तो एकटा नाही.