मागच्या सीटचं वजन

रोझेरची बायको ओडेत बहिणीकडे शिकूतिमी शहरात निघून गेली आणि त्यानं आधी बर्फगाडी उघडली.

वर्षानुवर्षं ती गाडी दोघांच्या वजनाला लावलेली. मागच्या स्प्रिंगा कडक, धक्के झेलणारे शॉक घट्ट. एकट्यानं चालवायची, तर बर्फाच्या प्रत्येक उंचवट्यावर ती कमरेत लाथ घालायची. "तुझी पाठ बघत जन्म गेला माझा," जाताना ओडेत म्हणाली होती. तिला थांब म्हणायला रोझेरची जीभ वळली नव्हती.

गॅरेजच्या दारात कोवळं ऊन. स्प्रूसच्या फांद्यांवरून बर्फ पिठासारखं झरत होतं. स्प्रिंगांचा ताण ठरवणारे ठोकळे त्यानं सगळ्यांत मऊ खाचेवर फिरवले आणि सीटवर बसला. गाडीचा मागचा भाग किती खाली बसतो ते शेजारच्या नॉर्मांनं मापलं.

"चार बोटं. मस्त! आता पाळण्यात बसल्यासारखा जाशील."

आणि गेलाही. तळ्याकाठची वाट पायाखालून रेशमासारखी सरकली.

आठवडा सरला नाही, तोच गाडी मागून आपटू लागली. नॉर्मांनं पुन्हा माप घेतलं. वीतभर.

"काय रे, बायकोच्या वाटणीचंही तूच गिळतोस की काय?"

रोझेर हसला नाही. त्यानं नव्या स्प्रिंगा घातल्या, शॉक खोलून तेल बदललं. गाडी तरी बसतच गेली.

त्यातच मेहुणीचा, जिनेतचा, फोन आला.

"भावोजी, ताई पोटभर जेवते, तरी वाळत चाललीय. डॉक्टरांना काही सापडत नाही. स्कर्ट कमरेवर ठरत नाही तिचा."

"माझ्या घरचं अन्न गोड लागत नव्हतं ना? तुझं तरी लागू दे."

मग वादळ आलं. गाडी दोन दिवस जागची हलली नाही. जिनेतनं आपण होऊन कळवलं, ताईच्या अंगात जरा जीव आलाय, जिना एकटी चढली.

तिसऱ्या दिवशी वाट मोकळी झाली आणि रोझेर निघाला. तळ्याच्या वळणावर तो डावीकडे झुकला. त्याच्या मागे आणखी काहीतरी झुकलं. घाई नाही, चूक नाही. ज्याला इथली वळणं पाठ आहेत, त्यानं झुकावं तसं.

त्यानं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी जिनेत रडत होती. "आज पुन्हा वजन घसरलं तिचं. एका हातानं उचलते मी तिला, भावोजी. लहान पोरीसारखी."

दुसऱ्या दिवशी रोझेरनं नॉर्मांला गॅरेजमध्ये बोलावून सगळं सांगितलं: गाडी निघाली की तिकडे ओडेत हलकी होते. नॉर्मां खोक्यावर बसला आणि त्यानं हातमोजे काढले.

"मग विकून टाक. नाहीतर उभी करून ठेव. एवढंच तर करायचंय."

"हं."

"रोझेर, ती जगेल रे."

"तिकडे जगेल," रोझेर म्हणाला.

नॉर्मां उठला आणि निरोप न घेता गेला.

रोझेरनं पाना घेतला. डावा ठोकळा फिरवला, मग उजवा. मधल्या खाचा सोडून शेवटच्या, सगळ्यांत कडक खाचेवर. शॉकही आवळले. मागच्या माणसाला हिसका बसू नये म्हणून.

स्वयंपाकघरात फोन वाजू लागला.

त्यानं गाडी दाराबाहेर आणली, चालू केली, सीटवर बसला. स्प्रिंगा थोड्या दबल्या आणि थांबल्या.

फोन वाजतच होता. मग थांबला.

गाडी मागून हळूच आणखी खाली गेली.

रोझेर सीटवर जरासा पुढे सरकला.