सगळ्यांना निरोप

वादळाआधीची दुपार होती. फिजीतल्या सुवा शहरात, कॉलेजच्या संगणकाच्या खोलीत मेरेवाई एकटीच उरली होती. बाकीची पोरं घरच्या खिडक्यांना फळ्या ठोकायला पळाली होती. तिला मात्र हलायची सोय नव्हती. तिने लिहिलेला प्रोग्राम आज पहिल्यांदाच तिच्या बेटावर वादळाचा निरोप देत होता, आणि बेटावर तिची आई होती.

पडद्यावर उमटलं होतं: सगळ्यांना निरोप पोचला. तरी तिच्या मनात पाल चुकचुकत होती.

संगणक शिकवणाऱ्या नायडूबाईंची शिकवण मोठी अजब. "अडलीस की रिकामी खुर्ची समोर ओढ आणि तिला एकेक ओळ समजावून सांग. बोलता बोलता आपली चूक आपल्यालाच सापडते. माणसापेक्षा खुर्ची बरी, मध्ये तोंड घालत नाही!" पोरं हसायची, पण करायची.

मेरेवाईने खुर्ची ओढली. बाहेर नारळाची झाडं कण्हत होती, खोलीत ओल्या चटईचा वास भरला होता.

"ऐक," ती म्हणाली, "इथे अट आहे. ज्याच्याकडे फोन, त्याला निरोप."

"आणि माझ्याकडे नव्हता..."

आवाज खुर्चीतून आला. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोमासीकाका! गेल्या वादळात सगळं गाव टेकडीवरच्या चर्चमध्ये गेलं, आणि किनाऱ्यावर होड्यांच्या छपराखाली झोपलेल्या काकाला कुणी सांगितलंच नाही. लाटेने त्याला नेलं.

"काका...?"

"अट काढ, पोरी. कुणालाच वगळू नकोस."

चूक तर खरीच होती. बिनफोनवाली माणसं तिने धरलीच नव्हती. तिने अट पुसली. आता गावच्या जुन्या नोंदवहीतलं एकूण एक नाव यादीत आलं. फोन नसेल तिथे जाऊन दार वाजवा, असा निरोप आता आईकडे जाणार होता.

अंधारून आल्यावर कसाबसा आईचा फोन लागला.

"पोचलो गं सगळे!" आई ओरडून बोलत होती. "तुझा निरोप आला तसा शेजारच्या इसोआला पिटाळला. दारं वाजवून त्याने सगळ्यांना वर आणलं. एकटी राहणारी म्हातारी लोसालिनीसुद्धा आली, शिव्या देत!"

मेरेवाईला रडूच कोसळलं. खुर्चीकडे बघायचा धीर मात्र तिला होईना.

"पण मेरे..." आईचा आवाज एकदम खाली आला. "इसोआ माझ्या शेजारी बसलाय. मग खाली दारं कोण वाजवतंय?"

"वारा असेल, आई."

"वारा नव्हे गं. दार वाजतं... आणि रिकाम्या घरातून 'आलो' म्हणतात."

"आई, काय दिसतंय तुला?"

"कंदील... एकामागून एक टेकडी चढतायत. लोसालिनी दार उघडायला उठलीय. म्हणतेय, आमचे हे आले... त्यांना तर आम्ही कधीच पुरलंय गं!"