निळं न धरलेली बोटं

दुपारचा चहा घेऊन रंजिता मागच्या शेडमध्ये गेली, तेव्हा तिचा नवरा अनुप हातमोजे घालून टाकीपाशी उभा होता. साकोलीत परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. दसऱ्याच्या शस्त्रपूजेआधी गावोगावच्या बंदुका इथं निळं, म्हणजे गंज रोखणारा निळा थर, चढवायला येत. आज एकोडीच्या जागेश्वरभाऊंची दुनळी होती. तिची नक्षीची पट्टी, वेलींमध्ये उभं कोरलेलं हरीण, तेल निघावं म्हणून सोड्यात उकळून कोरडी करून ठेवली होती.

"हात नको लावू. बोटाचं तेल लागलं का तिथं निळं धरत नाही."

"माहीत हाय मले. बी.एस्सी. आहे मी."

"हो, काठावरची."

तरीही तिनं तळवे पदराला पुसले. आत्ताच तर दीड वर्षाच्या गुंजनची तेलमालिश करून, तिला पाळण्यात निजवून ती आली होती.

अनुपनं पट्टी तारेनं उकळत्या क्षारात सोडली. तापल्या लोखंडाचा आंबूस वास शेडभर साचला. बऱ्याच वेळानं त्यानं ती वर काढली. मोराच्या मानेसारखं गर्द निळं... आणि हरणाच्या गळ्यावर निळं न धरलेली चार पांढरी, उघडी बोटं उमटलेली. लहान मुलाची.

"गुंजन आली होती का इथं?"

"निजली आहे ना ती. कडी लावून आली मी."

लावली होती का? स्वतःच्या कुठल्याच कडीवर तिचा भरवसा नव्हता. ती धावत घरात गेली. कडी होती. गुंजन मुठी आवळून झोपली होती. रंजिता स्वतःशीच हसली आणि परत आली.

तोवर अनुपनं निळं पार उतरवून, पट्टी पुन्हा उकळून, चिमट्यानंच टाकीत सोडली होती. टाकी खदखदत होती.

पट्टी वर आली. बोटं तिथंच होती. त्यांच्या शेजारी दुसरा हात होता, पहिल्याहून लहान.

"तू तर नाही ना लावला?" अनुप हळूच म्हणाला.

तिनं स्वतःचं बोट दुरूनच त्या ठशाशी ताडून पाहिलं. तिच्या बोटाचं निम्मंही नव्हतं ते.

तेवढ्यात जागेश्वरभाऊ दारात आले. पट्टीकडे पाहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"पहिला हात माह्या लहान भावाचा. ह्याच बंदुकीनं गेला तो, खेळता खेळता. तेव्हापासून तेवढी जागा निळं घेत नाही. म्हणून दर खेपेले नवा मिस्तरी पाहतो... कोणाच्या तरी हातानं मिटंल."

"आणि दुसरा?" रंजितानं विचारलं.



"दुसरा मागच्या खेपेले बी उमटला होता. पण तो दुसऱ्याच लेकराचा. बंदूक न्यायले गेलो, तवा त्या मिस्तऱ्याच्या घरी रडारड होती." मग अगदी हळू आवाजात, "बाई... घरात लेकरू हाय का?"

अनुपच्या हातातून चिमटा पडला. रंजिता आधीच निघाली होती.

कडी तशीच होती. पाळणा स्थिर होता. गुंजनचा श्वास चालू होता, पण कुठून तरी लांबून यावा तसा. रंजितानं तिची मूठ उघडली. बोटं लोखंडासारखी गार होती आणि पेरांपर्यंत गर्द निळी. तिनं ती तोंडात धरून ऊब दिली, पदरानं घासली, साबण लावला. निळं निघालं नाही.

मग तिनं ती बोटं खिडकीच्या उजेडात धरली. कातडीत, अगदी बारीक, पट्टीवरचीच वेल कोरलेली होती.