तिच्या वतीनं हजर

शेवटच्या घंटेच्या दिवशी आमच्या नारीन गावातल्या शाळेत एक तास फक्त अकरावीचा, म्हणजे शाळा सोडून जाणाऱ्यांचा असतो. बाहेर पटांगणात माईक खरखरतो, आया फुलं घेऊन उन्हात ताटकळतात, आणि आत वर्गात शेवटची हजेरी होते. ही हजेरी आमच्या पहिलीच्या वर्षीच्या हजेरीवहीतून घेतात. नाव आलं की उठायचं, "हजर" म्हणायचं आणि शाळेतली एक आठवण सांगायची. कोणी राजधानीत, बिश्केकला, नाहीतर रशियाला निघून गेलं असेल, तर त्याचा बाकावरचा जोडीदार उठतो. त्याच्या वतीनं हजर म्हणतो, आठवणही त्याचीच, "मी" म्हणून सांगतो. मेलेल्याच्या नावाला मात्र कोणी उत्तर देत नाही. दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवायचे आणि पुढचं नाव घ्यायचं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं.

तरी मी उठणार होते. अडीच वर्षं मी त्याच दिवसाची वाट बघत होते.

साइकाल माझ्या बाकावर बसायची. माझ्या आईच्या चुलतभावाची मुलगी. त्यांचं गाव लांब, डोंगरात, म्हणून शाळेसाठी पहिलीपासून आमच्याच घरी राहायची. नववीत असताना, डिसेंबरात, नव्या वर्षाच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी शाळेमागच्या कोळशाच्या खोलीत कोंडली गेली. बाहेर उणे तीस. सकाळी शाळेची भट्टी पेटवणाऱ्यानं आपल्या किल्लीनं दार उघडलं तेव्हा ती कोळशाच्या ढिगावर बसलेली होती, नीट, हात मांडीवर ठेवून. रात्रभर कोणी शोधलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं ती गावी गेली.

कडीकुलूप आमच्या वर्गातल्या एर्मेकनं लावलं होतं. त्यानंच कबूल केलं. मस्करी होती म्हणे! पुढं जे काही सांगत होता, त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. आठ दिवस चौकीवर बसवला, वय लहान म्हणून सोडला. पण आमचं नारीन म्हणजे नदीकाठची एकच लांब गल्ली, लोक विसरत नाहीत. दुकानात त्याच्या बापाशी कोणी बोलेना. वर्गात तो मागच्या बाकावर एकटा. मी जाता-येता त्याच्या वहीवर थुंकले आहे, खोटं कशाला बोलू? एकदा तो म्हणाला, "जीबेक, तुला तर माहीत आहे ना." मी फाडकन कानाखाली वाजवली. अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या घंटेच्या दिवशी मला सगळ्यांच्या आयांसमोर, उघड्या खिडक्यांतून ऐकू जाईल असं, त्याला सोलून काढायचं होतं. नंतर तो रशियाला पळाला असता आणि सुटला असता.

बुरुलचा एजे वही घेऊन बसल्या. आम्ही शिक्षिकांना एजे म्हणतो, थोरल्या बहिणीसारखं. भिंतीला ताजा हिरवा रंग दिला होता, त्याचा वास येत होता. खाली नदी वितळलेल्या बर्फानं गढूळ होऊन वाहत होती. नावं आडनावांच्या क्रमानं होती. साइकाल चौथी, मी शेवटून दुसरी, एर्मेक शेवटचा.

पहिले तिघं, बटाटे काढायला गेलो होतो, नाटकात दाढी पडली, असलं काहीबाही सांगून हसवून गेले. मग एजेंनी हळूच साइकालचं नाव घेतलं आणि तळवे वर केले.

मी उठले. "हजर. साइकालच्या वतीनं मी."

"जीबेक, खाली बस." एजेंचा आवाज चिरकला. "तिला उत्तर द्यायचं नसतं, बाळा."

"का? ती गैरहजरच आहे ना? मग जोडीदारानं उठायचं असतं ना, एजे!"

कोणी तळवे फिरवले नाहीत. हात तसेच हवेत राहिले होते. मी पाठ केलेलं बोलायला लागले, "माझी आठवण नववीतली. एर्मेकनं मला कोळशाच्या खोलीत कोंडलं आणि किल्ली..."

पुढचं वाक्य सगळं तोंडपाठ होतं. ते आलंच नाही. जीभ टाळ्याला चिकटली, लोखंडाला ओलं बोट चिकटतं तशी. मी खाली बसले. लोकांना वाटलं, मला रडू आवरेना. मागं बसलेल्या मीरिमनं पाठीवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. "किती गार पडलीस गं," ती पुटपुटली.

एजेंनी घाईनं पुढचं नाव घेतलं.

बाकाची डावी बाजू अडीच वर्षं रिकामीच होती. मी तिथं कोणाला बसू दिलं नव्हतं. आता ती फळी करकरली. वजन पडल्यावर करकरते तशी. मी बघितलं नाही. माझ्या डाव्या दंडावर काटा आला होता, उजवा दंड उन्हात तापत होता. माझ्या तोंडातून वाफ निघत होती. पंचवीस मे होती, पोरं टाय सैल करून वह्यांनी वारा घेत होती.

नावं संपत आली. मला वाटलं, आपलं नाव यायच्या आत बाहेर पळावं. पाय उचलेनात.

"जीबेक," एजे म्हणाल्या.

मी उठले नाही.

"हजर," डावीकडून आवाज आला. "जीबेकच्या वतीनं मी."

मी तो आवाज ओळखला. रोज सकाळी माझ्या आधी उठून मला हाक मारणारा आवाज.

"माझी आठवण नववीतली. एर्मेकनं मस्करीत कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, पाच मिनिटांनी उघड, आणि रडली तर लगेच उघड. ती रडली. मी उघडलं नाही. सकाळी आई म्हणाली होती, कणीक मळावी तर साइकालनं, तू नुसती खायला. मी घरी गेले. कणकेचे बोरसोक गरम तळलेले होते, मी सात खाल्ले. आईनं विचारलं, साइकाल कुठं? मी म्हणाले, गावी गेली. रात्री उठून मी किल्ली शाळेच्या भट्टीच्या राखेत टाकून आले. तेव्हा ती अजून दार ठोकत होती."



सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या शेजारी कोणीच बघत नव्हतं. त्यांना तो आवाज माझाच वाटला होता.

"एजे, हे मी नाही बोलले," मला ओरडायचं होतं. ओठ उघडेनात.

एजेंनी माझ्या नावापुढे खूण केली. मग एर्मेकचं नाव घेतलं. तो उठला, "हजर" म्हणाला, आणि आठवण सांगायच्या ऐवजी डोकं बाकावर टेकवून लहान मुलासारखा हुंदके देत रडला.

चौकशी झाली. अधिकारी प्रश्न विचारायचा, मी "नाही" म्हणायला तोंड उघडायच्या आत डावीकडून उत्तर यायचं. सगळं खरं, तारखेसकट. तो लिहून घ्यायचा, वर न बघता. मीही तेव्हा लहान होते, म्हणून मलाही सोडलं. एर्मेकच्या बापाला लोक पुन्हा सलाम करू लागले. माझी आई माझ्याशी बोलायची बंद झाली. मी बिश्केकला आले, शिवणकामाच्या कारखान्यात लागले. तिथं सकाळी हजेरी घेतात. मला कधी उत्तर द्यावं लागलं नाही.

मला वाटलं, एवढ्यावर फिटलं. अजून काय हवं होतं तिला?

मागच्या वर्षी कुबानिच भेटला. भला माणूस, बेकरीत कामाला, माझ्या गप्प राहण्यालाही हसून घेणारा. आयुष्यात मला पहिल्यांदा काहीतरी इतकं हवंसं वाटलं. त्याच्या आईनं माझ्या डोक्याला सुनेचा पांढरा रुमाल बांधला. निकाहला मोल्डो, म्हणजे मौलवी, समोर बसला, वाडग्यात आम्ही दोघांनी प्यायचं पाणी होतं.

"मुली, कुबानिचला नवरा म्हणून कबूल करतेस?"

"नाही."

मोल्डोनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कुबानिचनंच विचारलं, हळू, माझं नाव घेऊन.

"नाही," उत्तर आलं. "कधीच नाही."

त्याच्या आईनं माझ्या डोक्यावरचा रुमाल सोडला आणि घडी घालून स्वतःच्या मांडीवर ठेवला. सगळे माझ्याकडेच बघत होते.

मी दोन्ही हातांनी माझं तोंड घट्ट दाबून बसले होते.