येजो

मयुरीचं काम ऐकलं की गावातली माणसं आधी हसायची. मोबाइलवरच्या खेळांसाठी ती कधीच नसलेल्या देशांचा इतिहास लिहायची आणि त्याचा तिला चक्क पगार मिळायचा. वर्ध्याजवळ पिपरी मेघेच्या घरात मागच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर लॅपटॉप. पुण्याच्या कंपनीनं कळवायचं की एका जगात चार प्राचीन लोक, म्हणजे चार जमाती, हवेत. मग त्यांचं मूळ, त्यांचे देव, लग्नं, मर्तिकं, सगळं हिनं रचायचं. रचायचं म्हणजे हवेत नाही बरं का. आधी ती मीठ कुठून येतं ते ठरवायची. मीठ, पाणी आणि सरपण. ही तीन ठरली की देव आपोआप ठरतात, असं ती नवऱ्याला, नीलेशला, ऐकवायची, आणि तो बिचारा मान डोलवायचा.

या खेपेला तीन लोक झाले होते. तरंगती शेतं करणारे, राखेत बी जपणारे, उंच डोंगरावरचे लोकरवाले. चौथ्यांचं नाव तिनं ठेवलं होतं मागले. त्यांचं मीठ, पाणी, सरपण काही ठरवायच्या आधीच ते एका दुपारी सरळ लिहून झाले, बोटं थांबली नाहीत, खोडावं लागलं नाही. तिला ते काही बरं वाटलं नव्हतं. कंपनीला मात्र मागले भलतेच आवडले. तिकडून एकच प्रश्न आला होता: ह्यांना परत कसं पाठवायचं? सोमवारपर्यंत उत्तर द्या.

पण त्याआधी आईला आणायचं होतं.

आई, आनंदाबाई, खैरीला एकटी राहायची. सेलूपासून सहा किलोमीटर, बोर धरणाच्या पाटाच्या अलीकडे. वडील महादेवराव जाऊन चार वर्षं झाली होती आणि चार वर्षं आईचं एकच पालुपद, आता नाई, मंग पाहू. आधी गाय होती, मग कापूस वेचायचा होता, मग नुसतंच मंग पाहू. परवा ती न्हाणीत पडली. शेजारच्या रूपरावांनी फोन केला, सेलूच्या डॉक्टरनं गुडघा बघून सांगितलं की बाईंना एकटं ठेवू नका. मयुरीनं या वेळी ठरवलंच, की आईला घेतल्याशिवाय खैरीतून पाय काढायचा नाही. शनिवारी दुपारी ती स्वतः गाडी चालवत निघाली.

दारात पोचते न पोचते तोच रूपराव ओट्यावरून ओरडले, "आली का देवाले?"

ही गंमत पार जुनी. लहानपणी मयुरीला ज म्हणता यायचा नाही, ज चा द व्हायचा. भूक लागली की आई जेवाले दे म्हणायच्या ऐवजी ती आई, देवाले दे म्हणायची. मग सगळी आळी विचारायची, कोणत्या देवाले द्याचं गं बाई? पुढे दुसरीत असताना बोबडी गेली, पण रूपरावांच्या तोंडून काही ती गेली नाही.

आईनं दार उघडलं आणि क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, ये. हे असंच होतं, पहिल्यापासून. आईनं मयुरीला काही म्हणजे काही कमी केलं नव्हतं, तापात रात्र रात्र उशाशी बसली होती, शिक्षणासाठी वडिलांशी भांडली होती. पण दार उघडल्यावर आधी तो एक क्षण यायचा, आणि मगच ये. आयुष्यभर मयुरी त्या क्षणाला घाबरत आली होती. पिपरीला आणल्यावर, रोज एका घरात राहिल्यावर तो जाईल, अशी तिची वेडी आशा होती.

रविवारी सकाळी ती ओसरीत लॅपटॉप घेऊन बसली होती. पावणेअकरा वाजले. आई भिंत धरत, पाय ओढत उंबऱ्याशी आली, रिकाम्या रस्त्याकडे बघून म्हणाली, "येजो." आणि तशीच पाय ओढत आत गेली.

आपल्याकडे घरातून निघताना जातो म्हणत नाहीत. येतो म्हणतात, गावात बायका-पोरीही येतोच म्हणतात, आणि घरातलं माणूस उलट म्हणतं, येजो, म्हणजे परत ये. मयुरी शाळेत जायची तेव्हा आई पावणेअकराला हेच म्हणायची. पण मयुरी गावची शाळा सोडून वर्ध्याला होस्टेलवर गेली, तिचं लग्न झालं, त्यालाही आता सहा वर्षं होत आली. घरातून कोणीही निघालं नव्हतं. कोणाले म्हणते गं, असं तिनं विचारलं. आई म्हणाली, सवय.

दुपारी ऊन परसात आलं. मयुरी आईच्या गुडघ्याला तीळतेल चोळत होती, बाजूला तुरीच्या शेंगा पसरल्या होत्या. आईनं विचारलं, सध्या कोणाचं लिहून राह्यली? मयुरीला बरं वाटलं, आई असं कधी विचारायची नाही. मग तिनं मागले सांगितले.

मागल्यांना जन्म नसतो. ते वाटेच्या कडेला, दगडांच्या रिंगणात असतात. घरातून निघणाऱ्यानं येतो म्हटलं आणि घरातल्यानं उत्तर दिलं नाही, की त्याचं परतणं मोकळं पडतं. मग मागल्यांतला एक उठतो आणि त्याच्या जागी घरी येतो. तो काही सोंग करत नाही. त्या घरचं पहिलं अन्न पोटात गेलं की आपण कोण होतो ते तो विसरतो, त्या घराचाच होतो. आणि जो निघाला होता तो रिंगणात बसून राहतो. वाढत नाही, थकत नाही. उत्तराची वाट बघतो.

आईनं तिचा तेलकट हात धरला.

"हे तुले कोणं सांगतलं?"

"कोणी नाई. मी बनवलं."

"नाई," आई म्हणाली. "हे बनवलेलं नाई."

मग आईनं सांगितलं. चोवीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तिनं तुरीची शेंग सोलता सोलता सांगितली. मयुरी दुसरीत होती. असेच कापसाचे दिवस. सकाळी पोरीनं भरलेला माठ फोडला, नवाकोरा, आणि आईचं डोकं फिरलं. दप्तर घेऊन पोरगी दारात आली आणि म्हणाली, आई, येतो. आई चुलीपाशी होती. तिनं ऐकलं आणि तोंड फिरवलं. पोरगी तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज रडवेला झाला होता. आईनं हूं की चूं केलं नाही.

शाळेत ती पोचलीच नाही. अख्खं गाव विहिरी बघत फिरलं. चार वाजता रूपरावांना ती पाटापलीकडे बसल्या गोट्यांत सापडली. हे बसले गोटे म्हणजे माणसाच्या कमरेइतके दगड, गोल मांडलेले, कोणी मांडले ते कोणाला ठाऊक नाही. गुरंसुद्धा त्यांना वळसा घालून चरतात. पोरगी मांडीवर दप्तर घेऊन मधोमध बसली होती. अंगावर ओरखडा नाही. घरी आणली, आईनं छातीशी धरली, आणि ती म्हणाली, आई, जेवाले दे.

"ज म्हणाली," आई म्हणाली. "साफ."

सगळे खूश झाले. आईनं तिला जेवायला वाढलं. संध्याकाळी आंघोळ घालताना डाव्या दंडावर हात फिरवला, तर लहानपणी टोचलेल्या लसीचा वण नव्हता.

मयुरीचा हात आपसूक दंडावर गेला. तिथं गुळगुळीत होतं. तिथं नेहमीच गुळगुळीत होतं. वर्ध्याच्या एका नर्सनं एकदा विचारलंही होतं, लस टोचली नव्हती का? सख्ख्या आईनं तोंडात मारावी आणि का ते सांगू नये, तसं तिला झालं.

मग ती बोलायला लागली, जरा जास्तच मोठ्यानं. मुलांची बोबडी एका दिवसात जाते. वण बुजतात. सात वर्षांचं पोर दिवसभर उपाशी हरवलं तर वेगळं वागणारच. आणि तू हे तेव्हा कोणाजवळ तरी बोलली असशील, मी अर्धवट झोपेत ऐकलं असेल, तेच मागले होऊन आता बाहेर आलं. सगळं कसं सरळ लागतं. आईनं प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. तसंबी असंल, म्हणाली.

"मग रोज कोणाले येजो म्हणते?"

आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तूबी माहीच पोरगी आहे. तुले म्या काही कमी केलं का? पण तिले एक शब्द द्याचा राहून गेला, मयू. दाराले कुलूप लावून मी कशी येऊ?"

मयुरीला त्या रात्री झोप लागली नाही, हे सांगायला नको. सोमवारी सकाळी तिनं लॅपटॉप उघडला. कंपनीचा प्रश्न तसाच होता. ह्यांना परत कसं पाठवायचं? ती बघत होती आणि उत्तर तिला येत होतं, आपल्या घरातला दिव्याचा खटका अंधारात सापडावा तसं. बाकी कोणीही हाक मारली तरी ती हाक दगडांपर्यंत जाते आणि तिथंच थांबते. निघालेल्याच्या जागी जो घरात आला आहे त्यानंच येजो म्हणायचं असतं.

तिनं ते लिहिलं नाही. लॅपटॉप मिटला.

दहाला आई म्हणाली, "आज शेवटचं एकदा म्हणतो. मंग चाल, येतो तुह्या घरी." हरल्यासारखी म्हणाली. तिची पिशवी भरलेली होती. वर महादेवरावांचा फोटो लुगड्यात गुंडाळून ठेवला होता.

पावणेअकरा.

आई उंबऱ्याशी आली. एका हातानं भिंत धरून होती. तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. ओठ नुसते हलत राहिले.

चोवीस वर्षं, मयुरीच्या मनात आलं. उन्हात, पावसात, तापात. आणि मी दप्तर घेऊन पुढे चालत असायची, आई माझ्यासाठी म्हणते असं समजून.

हे सगळं खोटं आहे, हे तिला ठाऊक होतं. आणि खरं असलं तर काय होईल, तेही ठाऊक होतं. तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला. रस्त्याकडे बघितलं. आणि मोठ्यानं म्हणाली,

"येजो."

काही झालं नाही.

कापसानं लादलेला एक ट्रॅक्टर गेला. धूळ खाली बसली. लिंबाखाली रस्त्यात झोपलेलं कुत्रं उठलं, कोणाला तरी वाट द्यावी तसं बाजूला सरकलं, आणि पुन्हा बसलं.

मयुरीला हसू आलं. सुटल्यासारखं वाटलं. तिनं आईला ओसरीतल्या खुर्चीवर बसवलं, पिशवी गाडीत नेऊन ठेवली, डिकी लावली. आईला उठवायला परत आली. एक पाय पायरीवर ठेवला.

आतून, चुलीकडून, आवाज आला.

"आई, देवाले दे."

आई उठली. भिंत न धरता उठली.

"आई," मयुरी म्हणाली.

आई वळली. तिनं दारातल्या बाईकडे बघितलं. तो क्षण आला, नेहमीचा. मयुरी थांबली. या वेळी तो संपला नाही.

आईनं डोक्यावरून पदर घेतला.

"बसा ना तुमी," ती म्हणाली. अगदी आदरानं म्हणाली. "कोणाकडे आल्या? लेकरू भुकेजलं माह्यं. त्याले वाढतो अन् आलोच."

ती आत गेली. ताट मांडल्याचा आवाज आला. भाकरी मोडल्याचा. मग आईचं हसू. असं हसू मयुरीनं कधी ऐकलंच नव्हतं.

ती पायरीवर उभी राहिली. नीलेशला फोन करावा असं तिला वाटलं. नाव आठवत होतं, पण त्या नावाचं तोंड डोळ्यांपुढे येईना.

"आई," ती म्हणाली, "येतो."

आत पेल्यात पाणी ओतलं गेलं.

"आई, येतो."

तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज रडवेला झाला. आतून हूं की चूं आलं नाही.

गाडी डावीकडे होती, किल्ली हातात होती. तिचे पाय उजवीकडे, पाटाच्या वाटेला लागले होते.