सोबत हवी

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतरचा शनिवार. मंजुषा वाशीच्या वाचनालयात पुस्तक बदलायला म्हणून गेली आणि पुस्तक न बदलताच परत आली. खरं तर ती गेली होती वेगळ्याच कामाला. पर्समध्ये एक पोस्टकार्ड होतं आणि चार टाचण्या. फळ्यावर शिकवण्या, घरगुती डबे, हरवलेल्या छत्र्या, अशी दाटीवाटी. त्यात जागा करून तिनं कार्ड टोचलं आणि कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. एक्केचाळीस वर्षांच्या बाईनं इतकं चोरट्यासारखं वागावं असं त्या कार्डात काही नव्हतं. निळ्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अंदमान बेटावर स्वस्तात जायचे आहे. सोबत हवी. — मंजुषा.' खाली नेरुळचा पत्ता.

आता तुम्ही म्हणाल, बाईला अंदमानचं काय वेड? वेडबीड काही नव्हतं हो. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. मंजुषा एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. दिवसभर कानात माणसंच माणसं, पण तिच्याशी बोलणारं एक नाही. सगळे तिच्यातून पलीकडे बोलायचे. ऑफिसात ती 'ऑपरेटर', सोसायटीत 'तीनशेचारवाल्या'. आई होती तोवर दिवसातून पन्नासदा 'मंजू, ए मंजू' चालायचं आणि ही वैतागायची. आता महिनोन्‌महिने तिचं नाव कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. एकदा तिनं स्वैपाकघरात उभं राहून स्वतःच स्वतःला हाक मारून पाहिली. इतकं वाईट वाटलं म्हणता! दुसऱ्या दिवशी तिनं ते कार्ड लिहिलं. बेट हे आपलं निमित्त. दहा-बारा दिवस कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं.

कार्ड वाचून दोघी आल्या. एक गोजराकाकू, मूळच्या साताऱ्याकडच्या, इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. 'सुनंला जरा मोकळा वारा मिळंल' असं म्हणून निघालेल्या. दुसरी उत्कर्षा, सीवूड्सच्या बाजूला राहणारी बालवाडीची बाई, सव्वीस वर्षांची. तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि त्यावर कुणी बोलायचं नाही, अशी तिची पहिलीच अट होती. मद्रासपर्यंत रेल्वे, पुढे बोट, बोटीत सगळ्यात खालचा वर्ग, असं ठरलं.

निघायच्या दिवशी सकाळी तिघी वाशीच्या बसथांब्यावर जमल्या. काकूंनी सामान मोजलं, माणसं मोजली आणि कपाळाला हात लावला.

"आगं बया! आपन तिघीच की गं!"

"मग काय झालं?" उत्कर्षानं विचारलं.

"काय झालं म्हनं! तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघींनी निगू न्हाई. थांबा."

थांब्यामागं खाडीत टाकायला आणलेल्या भरावाचा ढीग होता. काकू पदर खोचून त्यावर चढल्या आणि मुठीएवढा काळा गुळगुळीत दगड घेऊन खाली आल्या. "हा चौथा. आता मोडता न्हाई. काम झालं की ह्याला तिथंच ठिवायचा. मागं बघायचं न्हाई, आन् जाताना त्याच्याशी बोलायचं न्हाई."

"काकू, टेन्शन घेऊ नका. चौथा कशाला, चौथी म्हणा," उत्कर्षा दगड कुरवाळत म्हणाली. "राहीबाई नाव हिचं. राहील आपल्यासोबत!"

"दगडाला नाव दिऊ नये गं," काकू म्हणाल्या, पण म्हणता म्हणता हसल्याच.

दगड ठेवला मंजुषाच्या पिशवीत, कारण तिच्याच पिशवीत जागा होती.

बोट लागली आणि काकूंना उलट्या सुरू झाल्या. उत्कर्षानं त्यांची पाठ चोळली, लिंबू दिलं, डोकं मांडीवर घेतलं. तिसऱ्या दिवशी काकू उठून बसल्या तेव्हा दोघींचं असं मेतकूट जमलं होतं की बघत राहावं. पत्ते दोघींत, गप्पा दोघींत. मोडलेल्या लग्नाची गोष्टसुद्धा अथपासून इतिपर्यंत काकूंना सांगून झाली. मंजुषा डेकवरून खाली आली की गोष्ट अर्ध्यात थांबायची. वाईट कुणीच नव्हतं. काकू हिला 'आगं' म्हणायच्या, उत्कर्षा 'ताई' म्हणायची. "ताई, सामानापाशी बसता का जरा?" मंजुषा बसायची.

पोर्ट ब्लेअरहून लहान होडीनं चार तासांवर एक बेट होतं. नारळ, पांढरी वाळू, आणि एक बसकं विश्रामगृह. खोल्या दोन, खाटा चार. काकूंची आणि उत्कर्षाची वळकटी आपसूक एका खोलीत गेली.

"तुमच्याबरोबर राहीबाई आहेच की, ताई!" उत्कर्षा म्हणाली.

मंजुषाही हसली. आलो कशाला आपण इतक्या लांब? तिनं पिशवीतून दगड काढला आणि समोरच्या खाटेवर उशीपाशी ठेवला. एकटीच्या खोलीत दुसरी खाट मोकळी बघवत नव्हती तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी पोहायला गेल्या. मंजुषा पडून राहिली. ऊन असं की बाहेर पाखरू हलत नव्हतं. लाटांचा आवाज लांबून यायचा आणि मध्येच थांबायचा. तेवढ्यात वास आला. नारळाचा नव्हे, मिठाच्या वाऱ्याचा नव्हे. ओहोटीला वाशीच्या पुलाखाली येतो ना, तो काळ्या चिखलाचा, कुजक्या पाल्याचा वास. हजार कोसांवर, या पांढऱ्या वाळूत, आपल्या खाडीचा वास. तिनं मान वळवली. समोरच्या खाटेवरची चादर मधोमध दबली होती, कुणी कुशीवर निजावं तशी. उशीवर दगड. दगडाला पाणी सुटलं होतं.

"मंजू..."

आवाज बारीक होता, खरखरीत, दाताखाली खडा आल्यासारखा. बाईचा म्हणावा तर बाईचा.

जुन्या बायका सांगतात, अनोळखी हाकेला पहिल्या फटक्यात ओ देऊ नये. मंजुषाला का ते माहीत नव्हतं? आईनंच शिकवलं होतं. पण दीड वर्ष ज्या हाकेची वाट बघितली ती आल्यावर कोण विचार करतो हो?

"ओ," ती म्हणाली.

मग तीच हळूच म्हणाली, "पुन्हा म्हण ना..."

"मंजू... मंजुषा..."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भीतीचं नव्हे. खोटं कशाला सांगू, सुखाचं.

पुढच्या तीन दुपारी तेच. दोघी बाहेर गेल्या की ही दार लोटून घ्यायची. दगड नाव घ्यायचा, ही ओ द्यायची. प्रत्येक हाकेगणिक तिला हलकं हलकं वाटायचं. एकच गोष्ट तिच्या लक्षात आली आणि तिनं ती मनाआड केली. पहिल्या दिवशी एका मुठीत मावणारा दगड शेवटच्या दिवशी उचलायला दोन्ही हात लागले.

निघताना ओहोटी होती. होडीवाल्यानं उत्कर्षाच्या कॅमेऱ्यानं तिघींचा फोटो काढला, पायांशी दगड ठेवून. मग काकू म्हणाल्या, "ठिव आता आन् चल. बोलू नगंस."

मंजुषानं दगड पाण्याच्या कडेला ओल्या वाळूत ठेवला. तिला फार जिवावर आलं. आपल्याला कुणी असं टाकून गेलं तर कसं वाटतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती वळली. चार पावलं गेली. पण आपल्याकडे निरोप घेताना 'जाते' म्हणत नाहीत ना? तोंडात बसलेलंच असतं ते.

"येते हं, राहीबाई," तिच्या तोंडून गेलं.

मागून आवाज आला. "ये..."

काकूंचा चेहरा पांढराफटक झाला. "बोललीस व्हय गं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता होडीत जाऊन बसल्या. परतीच्या वाटेवर त्यांनी तो विषय काढला नाही.

नेरुळला उतरून मंजुषा जिना चढत होती. पायरीवर धोंडूबाई पाटी घेऊन बसली होती. खाडीकाठच्या गावातली कोळीण, दहा वर्षं हिला नुसतं 'ओ बाय' म्हणणारी.

"कवा आलीस गो राहीबाय? ताजं बोंबील हायेत, घे ना."

मंजुषाला वाटलं, कान वाजले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेब चक्क टेबलाशी थांबले. "काय राहीबाई, मजा केलीत ना?" संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "राहीबाई, किती दिवस तुमचं दार बंद होतं, चुकल्यासारखं वाटलं." जो तो थांबायचा, नावानं हाक मारायचा, चौकशी करायचा. इतकी वर्षं तिला जे हवं होतं ते ओंजळ भरभरून आलं, पण दुसरीच्या नावावर. दारावरची पाटी आईच्या नावाची होती, ती तशीच होती. हजेरीपट जुना काढून बघितला तर पानोपान तिच्याच अक्षरात सही, 'राहीबाई'.

आणि दिवसातून दोनदा तिचे पाय गार पडायचे. आधी तळवे, मग घोटे, मग गुडघे. मग हळूहळू उतरायचं. वेळ रोज पाऊणएक तासानं पुढे सरकायची.

रविवारी दुपारी काकू आणि उत्कर्षा फोटो घेऊन आल्या. कितीतरी वर्षांनी घरात पाहुणे! मंजुषानं पोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर घातली.

"राहीबाई, हा बघा सगळ्यात मस्त आलाय," उत्कर्षानं फोटो पुढे केला. किनारा. काकू, उत्कर्षा, आणि शेजारी मोहरी रंगाच्या साडीत ती स्वतः. पायांशी दगड. मागे उत्कर्षाच्या हस्ताक्षरात लिहिलेलं, 'काकू, मी, राहीबाई आणि आपली दगडोबा मंजुषा.'

"मंजुषा..." ती कशीबशी म्हणाली. "मंजुषा म्हणजे मी. मी, उत्कर्षा. दगडाचं नाव राहीबाई होतं. तूच ठेवलंस."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. उत्कर्षा हसायला लागली. "काय हो! मी कसलं ठेवते? तुम्हीच ठेवलंत ना बसथांब्यावर? दगडाला कुणी मंजुषा म्हणतं का, म्हणून किती हसलो आपण!"

काकू मात्र हसल्या नाहीत. त्या तिच्याकडे एकटक बघत होत्या. "तवाच म्हनलं हुतं, नाव दिऊ नये," त्या सावकाश म्हणाल्या. "बिचारीला ठिवलीस बी कुठं, तर भरती आली की बुडती अशा जागी. आन् वर 'येते' म्हनलीस."

मंजुषानं घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं. कोरड्या लादीवर तिची पावलं गार पडली. पाणी घोट्यांवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून कमरेवर आलं. आज उतरायचं नाव नव्हतं. पाणी छातीशी आलं तेव्हा तिला ओरडायचं होतं, आपलं नाव मोठ्यानं घ्यायचं होतं. तोंडात खारट वाळू आल्यासारखं झालं आणि शब्द फुटला नाही.

"निघतो आता," उत्कर्षा चपला घालत म्हणाली. "येतो हं, राहीबाई."

"या," ती म्हणाली. आवाज बारीक होता, खरखरीत. काकू झटक्यात वळल्या आणि पुन्हा तिच्याकडे न बघता जिना उतरून गेल्या.

पुढच्या शनिवारी ती वाचनालयात गेली. कार्ड तिथं असेल, त्यावर आपलं नाव असेल, ते काढून सगळ्यांना दाखवायचं, एवढा एकच विचार डोक्यात होता. फळ्यावरच्या बाकीच्या जाहिराती नव्या होत्या. तिचं कार्ड मात्र त्याच जागी होतं. टाचण्या गंजलेल्या, कोपरे ओलसर, कडेनं मिठाची पांढरी रेघ. खालचा पत्ता पाण्यानं फुटून गेला होता. वरची टपोरी निळी अक्षरं तिचीच होती, आणि तिनं कधीच न लिहिलेली होती.

'बेटावर एकटी आहे. सोबत हवी. — मंजुषा.'

शेजारी खांद्याला झोळी लावलेली एक पोरगी तेच कार्ड वहीत उतरवून घेत होती.

"मावशी," तिनं विचारलं, "मलापण जायचंय हो, पण सोबतच मिळत नाही. ही मंजुषा कोण? ओळखता का तुम्ही?"

जीव खाऊन, सगळा प्राण एकवटून तिनं तोंड उघडलं.

"नाही गं," राहीबाई म्हणाली. "मी नाही ओळखत."